लष्करातून निवृत्त झालेली थ्री नॉट थ्री: अमेरिकेतील नव्या संग्राहकासाठी मार्गदर्शन

महाराष्ट्रात वाढलेल्या बहुतेक लोकांनी ही रायफल कोठे ना कोठे पाहिलेली असते: पोलीस ठाण्याच्या दारातील पहारेकऱ्याच्या खांद्यावर, सरकारी खजिन्याच्या गाडीत, किंवा एनसीसीच्या कवायतीत स्वतःच्याच हातात. नळीचा व्यास .३०३ इंच म्हणून तिला ‘थ्री नॉट थ्री’ हे नाव पडले. तिचे खरे घराणे मात्र ली-एनफील्ड. माझे आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीत होते आणि त्यांच्या तोंडून या रायफलीचे नाव ऐकतच मी मोठा झालो. पुढे अमेरिकेत स्थायिक झाल्यावर ती कायदेशीरपणे विकत घेता येते, जपता येते आणि चांदमारीच्या मैदानावर चालवताही येते, हे कळले. गेली काही वर्षे मी अशा रायफली गोळा करतो आहे. नव्याने या वाटेला येणाऱ्या मराठी वाचकाला कोणत्या क्रमाने काय करावे हे एका जागी मिळावे, म्हणून हा लेख लिहीत आहे. येथील सर्व विवेचन अमेरिकेपुरते आहे. भारतात शस्त्र अधिनियम १९५९ लागू असून तेथे लष्करी बोअरच्या (नळीच्या व्यासाच्या) शस्त्राला ‘निषिद्ध बोअर’ म्हणतात. नागरिकांना विकण्यासाठी इशापूरच्या कारखान्याने .३०३ ऐवजी .३१५ बोअरची रायफल काढली, ती याच कारणाने.

पहिली पायरी: आपण पात्र आहोत का?

रायफल पाहण्यापूर्वी स्वतःचा व्हिसा पाहावा. आपल्या लोकांकडून सर्वांत गंभीर चूक येथेच होऊ शकते. अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार एच-१बी, एफ-१ यांसारख्या बिगर-स्थलांतरित व्हिसावर राहणाऱ्या व्यक्तीला बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगण्यास मनाई आहे. या मनाईला काही मोजके अपवाद आहेत आणि एखाद्या राज्याचा वैध शिकार परवाना हा त्यांपैकी सर्वांत परिचित अपवाद होय. मात्र अपवादाच्या आधारे संग्रह सुरू करण्याचा सल्ला मी कोणालाही देणार नाही, कारण परवान्याची मुदत संपली की आपण नकळत गुन्ह्याच्या कक्षेत जातो आणि त्याचा परिणाम पुढच्या सगळ्या व्हिसा-प्रक्रियेवर होतो. ग्रीन कार्ड असणाऱ्यांना आणि नागरिकांना ही मनाई लागू नाही. याशिवाय प्रत्येक राज्याचा, आणि काही ठिकाणी शहराचाही, स्वतंत्र कायदा असतो. ओहायोत जे सहज चालते ते कॅलिफोर्निया, न्यू जर्सी किंवा इलिनॉयमध्ये चालेलच असे नाही, म्हणून आपल्या राज्याचे नियम मुळातून वाचावेत.

पात्रता असल्यास खरेदीचे तीन मार्ग आहेत. पहिला मार्ग परवानाधारक दुकानदाराचा. तेथे ४४७३ क्रमांकाचा अर्ज भरावा लागतो, एफबीआयच्या यंत्रणेतून पार्श्वभूमीची तपासणी होते आणि मग रायफल हातात मिळते. ग्रीन कार्डधारकाने आपला स्थलांतरित क्रमांक आणि राज्यातील वास्तव्याचा पुरावा बरोबर ठेवावा.

दुसरा मार्ग संग्राहकाच्या परवान्याचा. नियमितपणे संग्रह करायचा असेल तर हाच घ्यावा, असे माझे ठाम मत आहे. १९६८ च्या गन कंट्रोल अ‍ॅक्टने ‘क्युरिओ अँड रेलिक’ असा एक वर्ग निर्माण केला. तयार होऊन किमान पन्नास वर्षे झालेली आणि मूळ स्वरूपात असलेली शस्त्रे या वर्गात येतात. एटीएफ या संघीय खात्याकडे अर्ज केल्यावर एकवीस वर्षांवरील पात्र व्यक्तीला तीन वर्षांसाठी तीस डॉलर शुल्कात ‘टाइप ०३’ परवाना मिळतो. अर्जाची एक प्रत स्थानिक पोलीस प्रमुखांना पाठवावी लागते. हा परवाना असला की या वर्गातील रायफल दुसऱ्या राज्यातूनही थेट आपल्या पत्त्यावर मागवता येते, अर्थात आपल्या राज्याच्या कायद्याची आडकाठी नसेल तर. त्याबरोबर दोन जबाबदाऱ्या येतात. खरेदीची नोंद पुढच्या कामकाजाच्या दिवसापर्यंत आणि विक्रीची नोंद सात दिवसांच्या आत एका बांधीव वहीत करावी लागते. तसेच हा परवाना व्यापारासाठी नाही; नफ्यासाठी नियमित खरेदी-विक्री करण्याला निराळा परवाना लागतो. नोंदवही पहिल्या दिवसापासून नेटकी ठेवावी. मागाहून आठवून लिहिलेली वही अधिकाऱ्यासमोर ठेवताना जी धाकधूक होते, ती कोणी अनुभवू नये.

तिसरा मार्ग सिव्हिलियन मार्क्समनशिप प्रोग्रॅमचा, म्हणजेच सीएमपीचा. या संस्थेची आजची रचना १९९६ च्या कायद्याने झाली. तिच्याकडून अमेरिकी लष्कराच्या एम-१ गॅरँड रायफली मिळतात आणि तिची दुकाने अलाबामातील अ‍ॅनिस्टन व ओहायोतील कॅम्प पेरी येथे आहेत. तिच्याकडून खरेदी करण्यासाठी अमेरिकी नागरिकत्व, संलग्न क्लबचे सदस्यत्व आणि नेमबाजीत भाग घेतल्याचा पुरावा लागतो. गॅरँड हा स्वतंत्र विषय असल्याने तो येथेच सोडतो.

दुसरी पायरी: कोणती रायफल घ्यावी?

नवख्याने एकच घराणे निवडावे आणि ते नीट शिकावे. रशियाची मोसिन-नागान्त, जर्मनीची के-९८, स्वित्झर्लंडची के-३१ या सगळ्या उत्तम रायफली आहेत. पण मराठी संग्राहकाने आपल्या इतिहासाशी जोडलेल्या रायफलीपासून सुरुवात केली तर शिक्के वाचण्याची गोडी लवकर लागते. ली-एनफील्डचे तीन प्रकार अमेरिकेच्या बाजारात आपल्यासमोर वारंवार येतात. पहिला प्रकार ‘नंबर १ मार्क ३’. ही १९०७ साली ब्रिटिश सैन्यात आली आणि पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियापासून फ्रान्सपर्यंत भारतीय पलटणींनी पुढे हीच वापरली. दुसरा प्रकार दुसऱ्या महायुद्धातील ‘नंबर ४’. तिसरा प्रकार म्हणजे इशापूरची ‘२ए’ आणि ‘२ए१’. १९६२ च्या चीन युद्धानंतर ७.६२ मिमी नाटो काडतुसासाठी पश्चिम बंगालमधील इशापूर येथे या रायफली नव्याने घडवल्या गेल्या. जुन्या .३०३ ला नवी नळी बसवून त्या तयार केल्या, असा गैरसमज येथे फार पसरलेला आहे. प्रत्यक्षात नव्या काडतुसाचा अधिक दाब सोसावा म्हणून त्यांचे रिसीव्हर, म्हणजे नळी बंद करणारा पोलादी दांडा (बोल्ट) ज्यात मागे-पुढे सरकतो ते सांगाडे, चांगल्या प्रतीच्या पोलादाचे केलेले होते.

शिक्के वाचणे हा या छंदाचा गाभा आहे. दस्त्याच्या मनगटाशी जे पोलादी कडे असते, त्यावर कारखाना, वर्ष आणि प्रकार कोरलेला असतो. स्वातंत्र्यापूर्वीच्या इशापूर रायफलीवर मुकुट आणि ‘जीआरआय’ ही अक्षरे दिसतात. ती ‘जॉर्ज, राजा आणि सम्राट’ या लॅटिन बिरुदाची आद्याक्षरे आहेत. नंतरच्या रायफलींवर ‘आरएफआय’ म्हणजे रायफल फॅक्टरी इशापूर हा शिक्का येतो. आता अनुक्रमांक पाहावा: तो रिसीव्हर, बोल्टची मूठ, नळी, मागची माशी (नेम धरण्याचे मागचे साधन) आणि नळीच्या तोंडाशी असलेली टोपी या सर्वांवर सारखा असेल तर रायफल मूळ सुट्या भागांसह टिकली आहे असे समजावे. बोल्टचा क्रमांक जुळत नसेल तर किंमत कमी होते, हा भाग दुय्यम. तो बोल्ट या रिसीव्हरसाठी घासून बसवलेला नाही, म्हणून सुरक्षिततेचा प्रश्न उभा राहतो, हा भाग मुख्य. मॅगझिनच्या (काडतुसांच्या पेटीच्या) पुढे लाकडातून आडवा गेलेला एक स्क्रू दिसला तर तो दोष मानू नये. लाकूड चिरू नये म्हणून भारतात केलेली ती मजबुती आहे. नळीवर आयातदार कंपनीचे नाव ठळक कोरलेले असेल, तर ती १९८० च्या दशकात लष्करी शस्त्रांची आयात पुन्हा खुली झाल्यानंतर आलेली आहे. असे कोरीव नाव नसलेल्या रायफलीला संग्राहक जास्त किंमत देतात.

काही रायफली केवळ भिंतीवर ठेवण्यासाठी असतात, आणि त्या ओळखता येणे हे नेम साधण्यापेक्षा आधी शिकावे. ‘डीपी’ हा शिक्का कवायतीच्या रायफलीचा आहे. एनसीसीत आपल्यापैकी अनेकांनी खांद्यावर घेतलेली रायफल बहुधा अशीच होती. ती कधीही चालवू नये, मग तिची नळी आतून कितीही चकचकीत दिसो. काही इशापूर रायफली पोलीस वापरासाठी .४१० बोअरच्या, आट्या (नळीच्या आतील वळणदार खाचा) नसलेल्या नळीच्या बनवल्या होत्या. त्या बाहेरून थ्री नॉट थ्रीसारख्याच दिसतात, पण तिचे काडतूस त्यांच्यासाठी नाही. खैबर खिंडीच्या परिसरात, विशेषतः दरा आदम खेल येथे, हाताने घडवलेल्या नकलाही अफगाणिस्तानातून परतलेल्या सैनिकांबरोबर येथे आल्या आहेत. त्यांतील अक्षरे उलटी किंवा चुकीची असतात. राणी व्हिक्टोरियाचा शिक्का आणि त्याखाली १९०१ नंतरचे वर्ष असेल तर संशयाला जागाच उरत नाही, कारण राणीचे निधन १९०१ च्या जानेवारीत झाले. त्या नकलांचे पोलाद कोणत्या प्रतीचे आहे हे कोणालाच सांगता येत नाही. अमेरिकी स्प्रिंगफील्ड १९०३ बाबतही असाच इशारा आहे: स्प्रिंगफील्ड शस्त्रागारातील आठ लाखांच्या आतील अनुक्रमांकांचे रिसीव्हर ठिसूळ निघण्याचा धोका असतो.

तिसरी पायरी: विकत घेण्यापूर्वीची तपासणी

प्रथम रायफल रिकामी आहे याची डोळ्यांनी आणि बोटाने खात्री करावी. मग बोल्ट काढून नळीतून उजेडाकडे पाहावे. आट्यांच्या कडा धारदार दिसाव्यात. काळसर डाग चालतील, खोल खड्डे नकोत. नळीच्या तोंडाशी एक काडतूस उलटे धरून गोळीचे टोक आत घालावे. गोळी पुंगळीच्या (काडतुसाच्या पितळी नळीच्या) काठापर्यंत सहज आत गेली तर साफसफाईच्या सळईने किंवा दोरीने तोंड झिजलेले आहे आणि नेम अचूक लागणार नाही. ही चाचणी दुकानदाराच्या परवानगीने आणि शक्यतो दारू नसलेल्या नकली काडतुसानेच करावी.

यानंतरची तपासणी सर्वांत महत्त्वाची आहे. बोल्टचा दर्शनी पृष्ठभाग आणि काडतूस जेथे टेकून थांबते ती जागा यांतील अंतराला हेडस्पेस म्हणतात. .३०३ च्या पुंगळीला मागे कड असते आणि ती कड नळीच्या मागच्या काठावर टेकते. अंतर जास्त झाले तर बार उडताना पुंगळी मागे ताणली जाते आणि तळापासून तुटू शकते. मग तापलेला वायू नेमबाजाच्या चेहऱ्याच्या दिशेने येतो. ब्रिटिश लष्करी मापानुसार .०६४ इंचाच्या गेजवर (मापाच्या ठोकळ्यावर) बोल्ट मिटला पाहिजे आणि .०७४ इंचाच्या गेजवर मिटता कामा नये. बोल्ट बोटाच्या हलक्या दाबानेच मिटवून पाहावा. जोर लावला तर गेज आणि रायफल दोन्ही खोटे उत्तर देतात. नंबर ४ मध्ये बोल्टची डोकी ० ते ३ अशा क्रमांकांची मिळतात आणि डोके बदलून हे अंतर दुरुस्त करता येते. नंबर १ मध्ये अशी क्रमांकित सोय नाही, तेथे कुशल बंदूक-कारागिराकडेच जावे. २ए१ चे काडतूस बिनकडेचे असून ते पुंगळीच्या निमुळत्या खांद्यावर टेकते, म्हणून तिचे गेज वेगळे लागते. बाजारातील .३०८ विंचेस्टर काडतूस तिच्यात बसते, पण त्याची कक्षेची (काडतूस बसते त्या जागेची) आणि दाबाची मापे ७.६२ नाटोपेक्षा वेगळी आहेत. मी स्वतः २ए१ मध्ये फक्त ७.६२ नाटो मापाचीच काडतुसे वापरतो.

घरी आणल्यावर रायफल बहुधा कॉस्मोलीन नावाच्या घट्ट मेणचट थरात बुडालेली असते. मिनरल स्पिरिट्सने धातू पुसावा, लाकूड काळ्या पिशवीत गुंडाळून उन्हात ठेवावे आणि पाझरलेला थर टिपत राहावे. पेट्रोल कदापि वापरू नये. लाकडाला पॉलिशपेपर लावू नये, कारण त्यावरील शिक्के एकदा घासले गेले की परत येत नाहीत. रायफल सुटी करताना नळीखालचे पुढचे लाकूड आधी काढावे, मगच दस्ता जोडणाऱ्या आतील लांब बोल्टला (हा स्क्रूसारखा असतो, नळी बंद करणारा बोल्ट नव्हे) हात लावावा. नंबर १ मध्ये त्या बोल्टचे चौकोनी टोक पुढच्या लाकडातील पट्टीत अडकलेले असते आणि तो आधी फिरवला तर लाकूड चिरते. माझ्या पहिल्या रायफलीचे १९१७ सालचे लाकूड मी असेच चिरले. ते अजूनही चिरलेलेच आहे आणि मी ते बदललेले नाही.

चौथी पायरी: काडतुसे आणि पहिला बार

जुनी लष्करी काडतुसे स्वस्त आणि आकर्षक असतात. ज्यांच्या तळावर ‘केएफ’ हा शिक्का असतो ती आपल्या पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्यातील आहेत. हा कारखाना १८६९ पासून चालू आहे. अशी काडतुसे संग्रहात ठेवायला मला अतिशय आवडतात. चालवण्यासाठी मात्र नवख्याने ताजी, व्यापारी उत्पादनाची काडतुसे घ्यावीत. प्रीवी पार्टिझान आणि सेलियर अँड बेलो या कंपन्या .३०३ बनवतात. कोणत्याही देशाच्या जुन्या काडतुसांत दोन अडचणी असू शकतात. एक, दशकानुदशके उष्णता व दमटपणा सोसल्याने चाप ओढल्यानंतर बार उशिरा उडू शकतो. दोन, त्यांच्या प्रायमरमधील (पुंगळीच्या तळातील ठिणगी देणाऱ्या टोपीतील) पोटॅशियम क्लोरेट जळून नळीत क्षार उरतो आणि तो क्षार हवेतील ओलावा ओढून नळी गंजवतो.

मैदानावर डोळ्यांना चष्मा आणि कानांना संरक्षण लावल्याशिवाय रांगेत जाऊ नये. नळीतले तेल कोरड्या फडक्याने पुसून टाकावे. पहिल्या वेळी मॅगझिन भरू नये. एकच काडतूस घालून बार करावा, पुंगळी काढून न्याहाळावी, आणि असे तीन-चार वेळा करावे. पुंगळीच्या तळापासून थोड्या अंतरावर चकाकती गोल रेघ दिसली, प्रायमर मागे सरकलेला दिसला किंवा पुंगळीवर चीर आढळली, तर तेथेच थांबावे आणि कारागीर गाठावा. चाप ओढूनही बार झाला नाही तर नळी लक्ष्याकडेच रोखून किमान मिनिटभर स्थिर राहावे, मगच बोल्ट उघडावा.

पुंगळ्या निर्दोष निघाल्या की मॅगझिन भरावे. त्यात दहा काडतुसे मावतात आणि ती पाच-पाचच्या चार्जरने (काडतुसे धरणाऱ्या पट्टीने) वरून दाबून भरतात. भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्या काडतुसाच्या कडेच्या पुढे राहील असे पाहावे. उलट झाले तर कडा एकमेकींत अडकतात आणि बोल्ट पुढे जात नाही. या रायफलीचा घोडा बोल्ट पुढे ढकलताना चढतो, त्यामुळे शेवटच्या टप्प्यात विरोध जाणवतो. तो दोष नव्हे. ती गती एकदा हाताला बसली की या रायफलीच्या वेगाची ख्याती का झाली हे उमगते, आणि माझ्या मते चांदमारीच्या मैदानावर याच्याइतके समाधान देणारे दुसरे काही नाही. मागच्या माशीची सर्वांत खालची खूण दोनशे यार्डांची आहे, म्हणून शंभर यार्डांवर गोळ्या थोड्या वर लागतील. माशी घासून खाली-वर करण्याच्या भरीस न पडता नेम खाली धरावा.

मैदान सोडताना उरलेली काडतुसे मोजून डब्यात ठेवावीत आणि या छंदासाठी एक पिशवी कायमची वेगळी ठेवावी. तीच पिशवी पुढे प्रवासाला नेली आणि तिच्या कप्प्यात एखादे विसरलेले काडतूस मुंबईच्या विमानतळावर सापडले, तर तो शस्त्र अधिनियमाखाली गंभीर मामला होतो.

घरी आल्यावर, आणि जुनी काडतुसे वापरली असतील तर त्याच दिवशी, नळी पाण्याने धुवावी. तेलाने क्षार विरघळत नाही, पाण्याने विरघळतो. जुने सैनिक नरसाळ्याने नळीत उकळते पाणी ओतत, ते याचसाठी. उकळत्या पाण्याने धातू इतका तापतो की तो स्वतःच कोरडा होतो. बोल्टचे डोके आणि त्याच्या आतील खाचही धुवावी, कारण क्षार तेथेही पोचतो. या रायफलीत मागून सरळ सळई घालता येत नाही, म्हणून दस्त्याच्या पोकळीत पितळी तेलाच्या कुपीबरोबर ठेवलेली दोरीच वापरावी आणि ती तोंडाच्या काठावर घासू न देता सरळ ओढावी. मग हलके तेल द्यावे. दुसऱ्या आणि चौथ्या दिवशी पांढरे फडके पुन्हा ओढून पाहावे. ते तांबूस निघाले तर पाणी पुन्हा उकळत ठेवावे.